कॅमेरॉन वेक: जायंट्सने नारळ दिला, व्हँकुव्हरने लाइनमन केला

जून 2005. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यू यॉर्क जायंट्स टीमने डेरेक वेक नावाच्या 23 वर्षांच्या पोराला नारळ दिला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलं नव्हतं. ड्राफ्ट आटोपला की अशी पायलीला पन्नास पोरं प्रत्येक टीम उचलते आणि खरा कॅम्प सुरू व्हायच्या आतच त्यातली बरीचशी घरी पाठवते, त्यामुळे त्याची बातमी वगैरे व्हायचा प्रश्नच नव्हता. हाच पोरगा पुढे कॅमेरॉन वेक या नावाने खेळला, कॅनडाच्या लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला, तिथून मायामीला जाऊन पाच वेळा प्रो बोल म्हणजे ऑल-स्टार मॅचसाठी निवडला गेला, एकदा ऑल-प्रोच्या म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या टीममध्ये आला आणि एनएफएलमध्ये 100.5 सॅक (पास टाकणाऱ्याला पास टाकायच्या आतच पाडणं) घेऊन थांबला.

ही गोष्ट जिथेतिथे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, की बघा, हार मानली नाही आणि जिंकला. मला ते अर्धवट वाटतं. जिद्द 2005 मध्येही होतीच की, उंची तीच होती, पहिल्या पावलाचा झटकाही तोच. मधल्या काळात बदललं ते वेगळंच, आणि ते समजून घ्यायला कॅनडाचा फुटबॉल थोडा तरी माहीत हवा, म्हणून आधी ते उरकून घेतो.

फुटबॉल म्हणजे इथे मेस्सीवाला नाही, हेल्मेटवाला. अमेरिकन आणि कॅनेडियन फुटबॉल लांबून सारखेच दिसतात पण नियम बऱ्यापैकी वेगळे आहेत. कॅनडात मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद, अमेरिकेत 100 यार्ड लांब आणि जेमतेम 53 यार्ड रुंद. कॅनडात एका बाजूला 12 खेळाडू, अमेरिकेत 11. अमेरिकेत 10 यार्ड पुढे जायला चार डाऊन म्हणजे चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. त्यातही शेवटच्या प्रयत्नात बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात, म्हणजे हातात खरे दोनच प्रयत्न. पहिला फसला की दुसऱ्यात पास टाकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असतं, समोरच्या डिफेन्सला तर सगळ्यात आधी. कबड्डीत डू ऑर डाय रेड असते ना, रेडर आत घुसणारच हे समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं आणि कोपऱ्यातला गडी त्याच हिशोबाने पाय रोवून बसतो, तसलाच प्रकार, फक्त इथे तो दर दोन मिनिटांनी येतो.

आता डिफेन्सिव्ह लाइनमन. बॉलच्या समोर जमिनीला हात टेकवून बसलेले जे धिप्पाड लोक दिसतात ते. त्यातले मधले दोघे टॅकल, त्यांचं काम रेटारेटीचं. टोकाचे दोघे एंड, आणि एंडचं खरं काम क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे पास टाकणाऱ्यापर्यंत, पोचणं. क्वार्टरबॅकने पास टाकायच्या आत त्याला लाइनीच्या मागेच आडवा केला की झाला सॅक (दोघांनी मिळून केला तर प्रत्येकी अर्धा). एंडच्या आड येतो समोरच्या टीमचा ऑफेन्सिव्ह टॅकल (यापुढे टॅकल म्हटलं की हाच), साधारण 300 पौंडाचा माणूस, आणि त्याला चुकवायला एंडला मिळतात फार तर अडीच-तीन सेकंद.

आणि या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा फरक. कॅनडात डिफेन्सच्या लाइनला बॉलपासून पूर्ण एक यार्ड मागे बसावं लागतं, अमेरिकेत दोन्ही लाइनींमध्ये फक्त बॉलच्या लांबीएवढं, म्हणजे जेमतेम 11 इंचांचं अंतर असतं. एक यार्ड ऐकायला काहीच वाटत नाही. पण नाकाला नाक लावून बसलेल्या माणसाला दाबून ठेवणं वेगळं आणि यार्डभर लांबून वेग घेऊन आलेल्याला थांबवणं वेगळं. ताकदीवर खेळणाऱ्याला या यार्डाने तोटाच होतो, कारण टॅकलला सेट व्हायला तेवढा वेळ जास्त मिळतो. पण ज्याचं पहिलं पाऊलच विजेसारखं आहे त्याच्यासाठी तो यार्ड म्हणजे आयता रनवे. यावर कोचलोकांची मतं वेगवेगळी आहेत, हे माझं मत.

तर वेक. जन्म 30 जानेवारी 1982, मेरीलँड राज्यातला, शाळा हायट्सव्हिलची डीमाथा कॅथलिक, मग पेन स्टेट युनिव्हर्सिटी. पेन स्टेट म्हणजे लाइनबॅकर घडवणारं कॉलेज अशीच त्यांची ख्याती, आणि वेकही तिथे लाइनबॅकरच खेळला. लाइनबॅकर लाइनीच्या मागे उभा असतो, त्याला सगळंच थोडंथोडं करावं लागतं, पळणाऱ्याला पकडा, पासच्या वेळी मागे जाऊन रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा सांभाळा, मध्येच कधीतरी क्वार्टरबॅकवर धावा. वेकची घोडदौड सरळ पुढे जाण्यात होती, मागे सरकून रिसीव्हर सांभाळण्यात नाही. आणि एनएफएलच्या लाइनीत हात टेकवून बसवायचं तर तो त्या वयात त्यांच्या मापाला हलका. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. स्काउट लोकांना अशा खेळाडूची भीती वाटते, कारण कागदावर त्याच्या नावापुढे पोझिशन काय लिहायची इथूनच अडतं.

त्यात जायंट्सकडे तेव्हा क्वार्टरबॅकवर धावणाऱ्यांचा दुष्काळ नव्हता, मायकेल स्ट्रेहॅन आणि ओसी युमेन्योरा दोघे ऐन भरात, वर त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये जस्टिन टक घेतलेला. या गर्दीत ड्राफ्ट न झालेल्या पोराला किती संधी मिळणार, काही आठवडे. जायंट्सची फार चूक होती असं मी म्हणणार नाही, त्यांचं दुकान चांगलं चाललं होतं. पण बाकीच्या 31 टीमनीही त्याला उचललं नाही, आणि एकदा नारळ मिळालेला खेळाडू म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच असं जे सगळे धरून चालतात ना, ते इथे दिसतं.

पुढची दोन वर्षं फुटबॉल नाही. घरासाठी कर्ज मिळवून देणारा मॉर्टगेज ब्रोकर म्हणून काम केलं, जिममध्ये पर्सनल ट्रेनर म्हणून केलं. 2005-06 म्हणजे अमेरिकेत घरांच्या किमती आकाशाला भिडलेल्या आणि कर्ज कुणालाही मिळायचं असा काळ. 2007 मध्ये तो त्या धंद्यातून बाहेर पडला आणि त्याच सुमारास तो अख्खा धंदाच कोसळायला लागला. टायमिंग म्हणायचं ते हे. जिममधल्या नोकरीचा मात्र फायदा झाला असणार, कारण दोन वर्षं खेळापासून लांब राहिलेला माणूस परत आला तेव्हा त्याचं शरीर जसंच्या तसं होतं, उलट जास्त भरलेलं. शेवटपर्यंत त्याच्या शरीराकडे बघून लोक तोंडात बोटं घालायचे.

2007 मध्ये तो बीसी लायन्सच्या ओपन ट्रायआउटला गेला. ओपन ट्रायआउट म्हणजे कुणीही या, पळून दाखवा, आवडलात तर बघू. शेकडो येतात, त्यातून एखाददुसरा घेतात, बहुतेकदा तोही कॅम्पमध्ये गळतो. लायन्स ही व्हँकुव्हरची टीम, कोच वॉली ब्युओनो, 2006 चा ग्रे कप म्हणजे कॅनडाच्या लीगचं विजेतेपद नुकतंच जिंकलेली, म्हणजे कुणाच्याही दयेवर चालणारी टीम नव्हे. त्या वर्षी जानेवारीत त्यांच्या बीसी प्लेस स्टेडियमचं हवेवर फुगवलेलं छत फाटून खाली आलं होतं, ते दुरुस्त करून सीझन तिथेच खेळले.

इथे कॅनडातली आणखी एक गंमत सांगायला हवी. तिथल्या टीममध्ये कॅनेडियन खेळाडूंचा कोटा असतो. तेव्हाचा हिशोब असा, 42 जणांच्या रोस्टरमध्ये 20 कॅनेडियन, 19 परदेशी म्हणजे जवळपास सगळे अमेरिकन, आणि 3 क्वार्टरबॅक वेगळे मोजायचे. म्हणजे अमेरिकन पोराला जागा 19 च. घरचा पोरगा असेल तर दोन वर्षं बेंचवर बसवून शिकवतात, अमेरिकन माणसाला तेवढा वेळ कोण देतो? पहिल्या दिवसापासून उपयोगी पडलास तर ठीक, नाहीतर विमानाचं तिकीट. त्यामुळे कॅनडात जाऊन आरामात खेळ सुधारला वगैरे जे लोक म्हणतात ते बरोबर नाही, तिथेही सुरी मानेवरच होती.

लायन्सने पहिलं काम काय केलं असेल तर त्याला डिफेन्सिव्ह एंडला लावलं. मागे सरकायची भानगड नाही, रिसीव्हर सांभाळायची भानगड नाही, हात जमिनीला टेकव आणि बॉल हलला की पुढे जा. पोझिशन कुठली लिहायची हा जो प्रश्न अमेरिकेत कुणाला सुटला नव्हता तो इथे एका फटक्यात सुटला, कारण या खेळाला तसाच माणूस हवा होता. रुंद मैदान, जास्त पास, यार्डभर मोकळी जागा, आणि त्यात वजनाने थोडा हलका पण भयानक चपळ एंड.

दुसरं नशीब म्हणजे दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस. ब्रेंट जॉन्सन, ऑन्टॅरिओमधल्या किंग्स्टनचा कॅनेडियन, 2006 चा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू, वर 2005 आणि 2006 असा लागोपाठ दोनदा सर्वोत्तम कॅनेडियन. समोरची टीम जादा माणूस कुणावर लावणार, अर्थात जॉन्सनवर. या नवख्याच्या वाट्याला एकटा टॅकल यायचा. एकट्या टॅकलला वेक आवरणं शक्य नाही हे सगळ्यांच्या लक्षात येईपर्यंत अर्धा सीझन उरकला होता.

2007 चा हिशोब 16 सॅक. लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू तोच आणि सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूही तोच. एकाच वर्षी हे दोन्ही किताब त्याच्या आधी कुणालाच मिळाले नव्हते. लायन्स 14 जिंकले, 3 हरले, 1 बरोबरीत, आणि एवढं करून वेस्ट फायनलमध्ये, म्हणजे ग्रे कपच्या आधीच्या मॅचमध्ये, घरच्याच मैदानावर सास्काचेवानकडून हरले, ग्रे कपही सास्काचेवाननेच नेला.

मला 2007 पेक्षा 2008 जास्त मोठं वाटतं. पहिल्या वर्षी माहीत नसलेला माणूस चमकतो हे प्रत्येक खेळात होतं, दुसऱ्या वर्षी सगळ्यांकडे त्याचे व्हिडिओ असतात, टॅकल तयारी करून येतो, बाजूला आणखी एखादा गडी (टाइट एंड किंवा रनिंग बॅक) मदतीला ठेवतात, बॉल लवकर फेकतात. तरी 23 सॅक. 18 मॅचमध्ये 23. लीगचा विक्रम 26.5 चा आहे, जेम्स 'क्विक' पार्करने 1984 मध्ये केलेला, आणि तोही बीसी लायन्सकडूनच. किताब परत वेकला. टीम परत वेस्ट फायनलला हरली, या वेळी कॅलगरीकडून. दोन सीझन, 39 सॅक, आणि ग्रे कप एकही नाही.

तो करायचा काय नेमकं? स्नॅपच्या आधी, म्हणजे बॉल खेळात यायच्या आधी, बघितलंत तर डोळे बॉलवर. क्वार्टरबॅक ओरडून फसवायचा प्रयत्न करत असतो, तिकडे लक्षच नाही, बॉल हलला की उठायचं. पहिली दोन पावलं लांब आणि सरळ, तिसऱ्या पावलाला तो टॅकलच्या बाहेरच्या खांद्यापाशी. टॅकल अजून उलटा मागे सरकतोय, हात पुढे करणार, तेवढ्यात वेक त्याचे हात झटकतो, आतला खांदा टॅकलच्या काखेखालून जाईल इतका खाली टाकतो आणि जवळजवळ जमिनीला समांतर वाकून टोकावरून वळतो. वळताना वेग कमी होत नाही, हेच त्याचं सगळ्यात मोठं भांडवल. भलेभले एंड सरळ वेगात येतात पण वळताना गाडी सरळच निघून जाते, क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकतो आणि सुटतो. घोटा आणि कंबर एवढी वाकणं हे बरचसं जन्मजातच म्हणायचं, पण एका मॅचमध्ये 30-40 वेळा तेच करून बघायला मिळणं, कधी हात आधी झटकायचा आणि कधी नंतर हे अंगात भिनणं, त्याला मॅचेसच लागतात. जायंट्सकडे त्याला ते मिळणार नव्हतं, व्हँकुव्हरमध्ये दोन वर्षं दर आठवड्याला मिळालं.

मग पैसा. 2008 मध्ये कॅनडाच्या लीगमध्ये एका अख्ख्या टीमच्या पगाराची मर्यादा 42 लाख कॅनेडियन डॉलर होती. त्याच वर्षी एनएफएलच्या एका टीमची मर्यादा 11 कोटी 60 लाख अमेरिकन डॉलर. लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम ठरलेल्या माणसाला लायन्स कितीही प्रेमाने म्हणाले थांब रे बाबा, तर तो का थांबेल, आणि का थांबावं. करारात ऑप्शनचं वर्ष बाकी होतं आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे अशा खेळाडूला सीझननंतर एनएफएलशी बोलायला मोकळीक मिळायची. बऱ्याच टीमनी बोलावलं, पळवून बघितलं, आणि जानेवारी 2009 मध्ये मायामी डॉल्फिन्सने करार केला. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी फुकट मिळत होता तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं.

मायामीतही लगेच हारतुरे नव्हते. 2007 ला 1 जिंकून 15 हरलेली, 2008 ला 11 जिंकून 5 हरलेली, असा उलटापालट करून ती टीम नुकती उभी राहिली होती, वर कारभारी बिल पार्सेल्स, कोच टोनी स्पारानो. टोकावरून धावायला जोई पोर्टर, ज्याने आदल्याच वर्षी 17.5 सॅक घेतले होते, आणि त्या टीमचा देव जेसन टेलर परत आलेला. 27 वर्षांच्या, कॅनडातून आलेल्या माणसाला तिसऱ्या डाऊनला पाणी प्यायला सोडल्यासारखं आत सोडायचे. तरी 5.5 सॅक. कॅनडातले सॅक म्हणजे काय, तिथले टॅकल कोण असतात, असे टोमणे तेव्हा बरेच ऐकू यायचे. 2010 मध्ये पोर्टर टीममधून गेला, टेलर न्यू यॉर्क जेट्सकडे गेला, जागा रिकामी झाली आणि वेकने 14 सॅक घेतले. टोमणे बंद.

माझा सगळा युक्तिवाद ज्यावर उभा आहे ती गोष्ट 2012 ची. 2009 ते 2011 मायामी 3-4 पद्धतीने (पुढे तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) खेळायची, त्यात वेक आउटसाइड लाइनबॅकर, म्हणजे उभा राहून सुरुवात आणि मधूनमधून मागे जाऊन पास सांभाळायचं तेच जुनं दुखणं. 2012 ला जो फिल्बिन कोच म्हणून आला, टीम 4-3 वर (लाइनमन चार) गेली आणि वेक परत डिफेन्सिव्ह एंड झाला, हात जमिनीला, व्हँकुव्हरसारखा. त्या वर्षी 15 सॅक, एनएफएलमधला त्याचा सगळ्यात मोठा आकडा, आणि ऑल-प्रोच्या पहिल्या टीममधली त्याची एकमेव निवड. 30 सप्टेंबर 2012 ला ॲरिझोनाच्या क्वार्टरबॅकला, केव्हिन कोल्बला, त्याने एकट्याने 4.5 वेळा पाडला. मॅच मायामी ओव्हरटाइममध्ये हरली, हे वेकच्या नशिबाला धरूनच. म्हणजे जे काम लायन्सने 2007 मध्ये दिलं तेच काम एनएफएलने मोकळेपणी दिलं तेव्हा हा माणूस देशातल्या पहिल्या रांगेतला ठरला. 2010 च्या 14 सॅकमुळे माझं म्हणणं थोडं लंगडं पडतं हे कबूल, उभा राहूनही तो धोकादायक होताच. पण कामाची हौस आणि कामाची जागा जुळणं काय असतं ते बघायचं तर 2012 बघा.

आणि एक 31 ऑक्टोबर 2013 ची मॅच, हॅलोविनची गुरुवारची रात्र, मायामी विरुद्ध सिनसिनाटी. 20-20, ओव्हरटाइम. सिनसिनाटीकडे बॉल, पण पार आपल्याच गोल लाइनला पाठ लागलेली. अँडी डाल्टन पास टाकायला मागे गेला तो थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनच्या मागच्या पट्ट्यात, कुणी मोकळा आहे का बघत क्षणभर घुटमळला, आणि वेक अंगावर. आडवा. आता गोम अशी की एंड झोनमध्ये पाडलं तर सेफ्टी, दोन पॉइंट आणि मॅच संपली, पण डाल्टन पुढे सरकून बॉल रेषेच्या बाहेर आला असेल तर काहीच नाही. पंचांनी रिप्ले बघितला, निर्णय कायम, 22-20. ओव्हरटाइममध्ये सेफ्टीने मॅच संपणं एनएफएलच्या इतिहासात तेव्हा तिसऱ्यांदा घडत होतं. त्या रात्रीचे त्याचे सॅक तीन.

इथे थोडं थांबून दुसरी बाजू. वेक बघून कुणाला वाटेल की कॅनडाला जा, दोन वर्षं सॅक घे, एनएफएल दारात उभी. तसं होत नाही. वेक गेल्यावर 2009 मध्ये लायन्सकडून त्याच कामाला उभा राहिला रिकी फोली, कॅनेडियन, 12 सॅक घेतले, त्या वर्षीचा सर्वोत्तम कॅनेडियन ठरला. तीच टीम, तोच कोच, तेच नियम. 2010 ला सिॲटलने करार केला आणि सीझनच्या तोंडावर सोडून दिला, गडी परत कॅनडात. चार्ल्सटन ह्यूज बघा, कॉलेज संपल्यावर एनएफएलमध्ये त्याचा जम बसला नाही, 2008 मध्ये कॅलगरीला आला आणि पुढे किती तरी वर्षं लीगमध्ये सॅकच्या यादीत वर राहिला, एनएफएलमध्ये मात्र गेलाच नाही. विली जेफरसनचंही तसंच, 2019 चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू, तीन ग्रे कप, तिथेच रमला. ही अपयशं नाहीत, चांगली इज्जतीची करिअर आहेत, ह्यूज आणि जेफरसनला तिकडची पोरं डोक्यावर घेतात. पण वेकच्या वाटेने जाऊन वेक झाला असा दुसरा एंड मला तरी दिसत नाही. त्यामुळे कॅनडाने त्याला घडवलं असं मी म्हणतो तेव्हा एवढंच म्हणतो, की हुनर होताच, कॅनडाने त्याला पोझिशन दिली आणि मॅचेस दिल्या. फोलीलाही दोन्ही मिळालं होतं.

2015. वेक 33 वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये टेनेसीविरुद्ध एकाच मॅचमध्ये चार सॅक, सात मॅचमध्ये सात, आणि 29 ऑक्टोबरला न्यू इंग्लंडविरुद्ध खेळताना टाचेच्या वरची शीर, अकिलिस, तुटली. ज्याचा सगळा खेळ पहिल्या पावलावर त्याची नेमकी तीच शीर. या वयात या दुखापतीनंतर बहुतेकांचं करिअर संपलं असं धरतात आणि खरं सांगायचं तर मीही धरलं असतं. 2016 ला नवा कोच ॲडम गेस, सुरुवातीला त्याला मोजक्याच स्नॅप खेळवलं, मग हळूहळू वाढवत परत स्टार्टर केलं. सीझन संपला तेव्हा 11.5 सॅक आणि पाचवा प्रो बोल. त्याच वर्षी मायामी प्लेऑफला पोचली, वेकच्या दहा वर्षांत एकदाच, आणि पहिल्याच मॅचला पिट्सबर्गकडून 30-12 असा मार खाऊन घरी. त्या दहा वर्षांत मायामीने त्याच्याभोवती जी टीम बांधली तिच्याबद्दल बोलायला लागलो तर वेगळा लेख होईल, जाऊ दे.

मायामीत एकूण 98 सॅक, त्या टीमच्या यादीत दुसरा नंबर, पहिला टेलर 131. 2019 मध्ये टेनेसी टायटन्सकडे गेला, पहिल्याच मॅचला क्लीव्हलँडविरुद्ध 2.5 सॅक, त्यात एक सेफ्टी, त्याच मॅचमध्ये शंभरचा आकडा पार. त्या सीझनमध्ये त्यानंतर एकही सॅक नाही, दुखापतींनी घेरलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये निवृत्तीची घोषणा.

आता वाद हॉल ऑफ फेमचा, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीचा. एनएफएलचे 100.5 आकडा म्हणून छान दिसतात पण त्या दर्जाच्या एंडच्या रांगेत ते थोडे कमीच पडतात. जेसन टेलर 2017 मध्ये पहिल्याच फटक्यात आत गेला, त्याचे एकूण सॅक 139.5. आणि वेकचे एनएफएलचे 100.5 आणि कॅनडाचे 39 मिळवा. 139.5. अर्ध्याचाही फरक नाही. योगायोग आहे, त्याला पुरावा म्हणू नये, कारण कॅनडाचा सीझन 18 मॅचचा, पास जास्त, टॅकल वेगळे, तिथला एक सॅक म्हणजे इथला एक सॅक असं सरळ धरता येत नाही. पण मतदान करणारे तो 39 चा आकडा शून्य धरतात, आणि त्याहून वाईट म्हणजे 2005 आणि 2006 ही दोन वर्षं जणू वेकनेच वाया घालवली असं धरतात. वॉरन मून एडमंटनकडून पाच ग्रे कप जिंकून मग एनएफएलला गेला आणि हॉल ऑफ फेममध्ये आहे, तिथे कॅनडाची वर्षं त्याच्या मोठेपणाच्या गोष्टीत धरतातच की. टेलर 15 सीझन खेळला, वेकने एनएफएलमधला पहिला सॅक घेतला तेव्हा तो 27 वर्षांचा होता. माझं मत विचाराल तर 39 चे निम्मे जरी धरले तरी त्याचं नाव चर्चेत असायला हवं, आणि निम्मे धरायला मी तरी आनंदाने तयार आहे.